जागांच्या वहीचा डूख

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि मी डूख धरणारी आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. पंखा माफ करतो, खुर्ची माफ करते, मोडकी छत्रीसुद्धा माफ करते. मी केलेले नाही. ज्या माणसाने मला अठरा महिने कपाटात कोंडून ठेवले त्याचा मी सूड घेतला. तो आठवला की अजूनही माझ्या पानापानांना गुदगुल्या होतात.

माझा जन्म एका बाइंडरच्या खोलीत झाला. मोठाली पुस्तके बांधून झाल्यावर कागदाचे जे तुकडे उरतात, ते बाइंडरकाका टाकून देत नसत. त्या उरलेल्या कागदातून त्यांनी मला शिवले. त्यामुळे माझी काही पाने पांढरी, काही पिवळसर आणि मधली निळसर आहेत. दाभणाने भोके पाडताना फार दुखले, पण काकांचा हात चांगला होता. त्यांनी लाल दोरा दुहेरी घेतला, खळ लावली, जाड पुठ्ठा चढवला आणि मला दोन दिवस दाबाखाली ठेवले. बाहेर निघाले तेव्हा माझ्या अंगावर एकही सुरकुती नव्हती.

मी हिशेबाची वही झाले नाही आणि शाळेचीही नाही. माझ्या पुठ्ठ्यावर काकांनी कागदाची पट्टी चिकटवून दोनच शब्द लिहिले, ‘जागांची वही’.

त्याचे असे झाले. दर रविवारी सकाळी काकांच्या खोलीत चार लिहिणारी माणसे जमत. एक काका स्वतः. दुसरे पोस्टमन. तिसऱ्या ताई, त्या एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर उभ्या असत. आणि चौथे सर, कॉलेजात साहित्य शिकवणारे. सगळे आपापल्या कथा वाचत आणि एकमेकांच्या कथांमध्ये खोट काढत. भांडत कमी आणि चहा जास्त पीत. काकांचे एक ठाम मत होते. ते म्हणायचे, “कथा अडली की आपण माणसांना दोष देतो. माणसं बरी असतात हो. त्यांना उभं राहायला जागा नसते.”

म्हणून मी. ज्याने जी जागा नीट पाहिली आहे, ती त्याने माझ्यात लिहायची. वर तारीख आणि खाली सही. कुणाची कथा अडली की त्याने माझ्यातली जागा उसनी घ्यायची, पण समासात तशी नोंद करायची. आणि कथा झाली की ती सगळ्यांत आधी त्या जागेच्या मालकाला वाचून दाखवायची. मालक ऐकून म्हणणार, “हो, इथलीच.” एवढे शब्द मिळाले की कथा सुटली. आणखी एक नियम होता, तो म्हणजे वही खोलीबाहेर जाणार नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा.

ते दिवस काय सांगू मित्रांनो! पोस्टमन वर्षभर एका कथेपाशी अडून बसले होते. वडील गेल्यानंतर एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ त्यात होते. ते कधी नदीकाठी भेटत, कधी देवळात, आणि कुठेही भेटले तरी भाषणे ठोकत. ताईंनी मला उघडून आपले एक पान त्यांच्यापुढे सरकवले. त्यात लाँड्रीतल्या पाहुण्यांची रांग होती. धुवायला टाकून कुणी न्यायलाच येत नाही अशा कपड्यांना तिथे पाहुणे म्हणतात. ताई म्हणाल्या, “वडिलांचा कोट राहिलाय तिथे. दोघंही न्यायला आलेत. लिहा आता.” पोस्टमनांनी पुढच्या रविवारी कथा आणली. ताईंनी ऐकली आणि बोट वर केले. “कोटाची घडी घालत नाहीत दादा. तो हँगरवर असतो. आणि काउंटर माझ्या छातीएवढं उंच आहे, आतल्या बाईला दोघांचे हात दिसणारच नाहीत.” पोस्टमनांनी तिथल्या तिथे दोन वाक्ये खोडली. मग ताई म्हणाल्या, “हो, इथलीच.” पोस्टमन एवढे मोठे गृहस्थ, पण लहान मुलासारखे लाजले.

त्याची परतफेडही झाली. ताईंच्या नायिकेला एक पत्र एकटीने वाचायचे होते आणि घरात एकांत नव्हता. पोस्टमनांनी तिला चौथ्या मजल्यावरचा जिना दिला, लिफ्ट तिसऱ्यावर बंद पडते म्हणून जिथे कुणी चढत नाही तो. अशी ही माणसे होती. मला वाटायचे, माझ्यासारखी भाग्यवान वही दुसरी नसेल.

सर मात्र माझ्यात काहीच लिहीत नसत. त्यांच्या कथा डोंगरमाथ्यावर, समुद्रकिनारी किंवा नुसत्याच ‘एका शहरात’ घडत. एकदा काका सहज म्हणाले, “सर, तुमच्या किनाऱ्यावरची वाळू कुणाच्या पायाला चिकटत नाही बघा.” सर हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

आता मावशीविषयी सांगते, कारण सगळी गंमत तिच्यात आहे.

ताई एक मोठी कादंबरी लिहीत होत्या. ती लाँड्रीच्या मागच्या खोलीत घडणार होती, म्हणून ती खोली त्यांनी माझ्या निळसर कागदावर एकतीस पाने भरून लिहिली. वाफेने ओलसर झालेल्या भिंती, कॉलरच्या आत काळ्या शाईने केलेल्या खुणा, उभे राहून सुजलेले पाय, सगळे होते. एका पानावर त्यांनी लिहिले होते, “मावशी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून असते. सकाळी तिला पाणी पाजल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नाही. दिवसभर कुरकुरते. बरोबर बारा वाजता शिट्टी मारते. दर सहा महिन्यांनी तिच्या पोटाची तक्रार असते, मग सगळं काम बंद. तिच्यावर आमचं सगळ्यांचं पोट आहे.”

काकांनी हे वाचून विचारले, “ही मावशी कोण? तुमच्या मालकांची?”

ताई इतक्या हसल्या की चहा सांडला. “अहो काका, बॉयलर! आम्ही सगळ्या त्याला मावशी म्हणतो.” मग त्यांनी पान उलटून पुढच्या दोन पानांवर सविस्तर लिहिले की मावशी म्हणजे काय. काकांनी ती दोन पाने वाचली. त्या दिवशी त्यांच्या बोटांना ओली खळ लागलेली होती. त्यांनी मला मिटले आणि ती दोन पाने कडेकडेने एकमेकांना चिकटली. कुणाच्या लक्षात आले नाही. सर त्या रविवारी कुठल्याशा सभेचे अध्यक्ष होते, त्यामुळे मावशीचा खुलासा त्यांनी ऐकलाच नाही.

महिन्याभराने सरांनी मला घरी न्यायची परवानगी मागितली. “एक आठवडा द्या काका. निवांत वाचतो. मीही माझ्या जागा लिहीन म्हणतो.” काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी नियम मोडला. सर झाले तरी आपलेच, असे त्यांना वाटले. मला एका कापडी पिशवीत घातले गेले. खोलीचा दरवाजा मागे पडला.

चार आठवड्यांनी सर काकांकडे हात हलवत गेले. वही बसमध्ये राहिली, म्हणाले. खूप शोधली, म्हणाले. हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या वेळी मी त्यांच्या कपाटात होते.

मित्रांनो, मी कपाटात होते आणि सर रोज दुपारी मला बाहेर काढून ताईंची एकतीस पाने उतरवून घेत होते. भिंती घेतल्या, खुणा घेतल्या, सुजलेले पायसुद्धा सोडले नाहीत. समासात नोंद नाही, सही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण वही काय करू शकते? ओरडता येत नाही, चावता येत नाही. वहीच्या हातात एकच गोष्ट असते, पान सोडायचे की धरायचे.

सर मावशीच्या पानावर आले. पुढे बोट घातले. ती दोन पाने जराशी ओढली असती तर सुटली असती, खळ काही फार नव्हती. पण मी दात-ओठ खाऊन ती आवळून धरली. सरांनी एकदा अंगठा फिरवला, कंटाळले आणि पुढचे पान उघडले. त्या क्षणी मला समजले की हा माणूस आता खड्ड्यात पडणार आहे आणि तो खड्डा मीच खणला आहे.

झालेही तसेच. सरांच्या कादंबरीत मावशी एक म्हातारी बाई झाली! भिंतीकडे तोंड करून बसलेली, सून सकाळी जिला पाणी पाजते अशी. ती बारा वाजता शिट्टी मारते. दर सहा महिन्यांनी पोटदुखीने आजारी पडते आणि सगळी लाँड्री बंद पडते. सर लिहिता लिहिता स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवत आणि मी कप्प्यात पडून ऐकत असे. हसता येत नव्हते, म्हणून मी नुसतीच फुगत होते.

कादंबरी छापली गेली आणि गाजली. मावशीचे तर फारच कौतुक झाले. कुणी लिहिले की ती भिंत म्हणजे समाज आहे. कुणी लिहिले की शिट्टी म्हणजे दबलेला हुंदका आहे. सर टाळ्या घेत फिरू लागले.

इकडे ताईंची कादंबरी पूर्ण झाली. चार वर्षे त्या उभे राहून काम करत होत्या आणि बसून लिहीत होत्या. ते बाड घेऊन त्या एका प्रकाशकांकडे गेल्या. प्रकाशकांनी चाळले आणि म्हणाले, “अहो, ही लाँड्री तर सरांच्या पुस्तकात येऊन गेली. नक्कल करताना निदान जागा तरी बदलायची.” काका आणि पोस्टमन साक्ष द्यायला गेले. प्रकाशक म्हणाले, “तुम्ही त्यांचेच मित्र. लेखी काही आहे का?” लेखी सगळे माझ्याकडे होते आणि मी कपाटात होते. प्रकाशकांनी सरांनाही विचारले होते. सर म्हणाले होते, “आमच्याकडे यायच्या त्या. बरंच शिकवलंय मी त्यांना. होतो प्रभाव, त्यांना दोष देऊ नका.”

दोष देऊ नका! हे ऐकून ताईंनी लिहिणे थांबवले. रविवारी येणेही थांबवले. जी खोली त्यांच्या पायांनी वीस वर्षे तुडवली, ती त्यांना स्वतःच्या कथेत वापरता येईना. अजून तुम्हाला वाटते का, की मी माफ करायला हवे होते?

सरांनी मला फाडून-जाळून टाकले असते तर बिंग कधीच फुटले नसते. पण त्यांना हाव सुटली होती. पुढच्या कादंबरीसाठी पोस्टमनांची टपाल वर्गीकरणाची खोली त्यांनी हेरून ठेवली होती, म्हणून मला जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात लपवले. एक दिवस सर सत्काराला गेलेले असताना त्यांच्या बायकोने वैतागून कपाट आवरले आणि गठ्ठा उचलून रद्दीवाल्याला दिला. त्या माउलीला मी काही दोष देत नाही. तिने मला सोडवले.

रद्दीवाला काकांना पुठ्ठा पुरवायचा. तराजूत टाकताना त्याला माझा दुहेरी लाल दोरा दिसला. “हे तर बाइंडरकाकांचं काम,” म्हणाला आणि मला बाजूला ठेवले. संध्याकाळी मी काकांच्या टेबलावर होते, आणि मी कुणाच्या घरच्या गठ्ठ्यात सापडले तेही त्याने सांगितले. काकांनी मला छातीशी धरले. मग त्यांना ती चिकटलेली पाने दिसली आणि ते ताडकन उठले. पोस्टमनांना घेऊन थेट लाँड्रीवर गेले.

ताई टेबलाशी होत्या. मला पाहून त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. काका म्हणाले, “ताई, मावशीचं पान आत आहे. खळ आहे, वाफ दिली तर सुटेल.”

“मग मावशीकडेच चला,” ताई म्हणाल्या.

त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून बॉयलरच्या नळीपाशी नेले. गरम वाफ माझ्या अंगावर आली. जिच्याविषयी एवढे ऐकले होते ती मावशी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, काळी, ढब्बी आणि कुरकुरणारी. अठरा महिने आवळलेली मूठ मी सोडली.

पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये सरांचा वाचकांशी संवाद होता. प्रकाशक पहिल्या रांगेत होते, कारण ताईंनी स्वतः जाऊन त्यांना बोलावले होते. “लेखी मागितलंत ना? या,” एवढेच म्हणाल्या होत्या. शेवटच्या रांगेत लाँड्रीतल्या चार बायका धुतलेल्या साध्या कपड्यांत ताठ बसल्या होत्या. मी पोस्टमनांच्या पिशवीत होते. सरांचे भाषण झाले, टाळ्या झाल्या आणि ताई उभ्या राहिल्या.

“सर, एक शंका विचारू?”

सरांनी त्यांना ओळखले. नापास विद्यार्थिनीकडे पाहावे तसे हसले. “विचारा ना. मोकळेपणाने विचारा.”

“मावशींना रोज सकाळी पाणी का पाजतात?”

“फार छान प्रश्न! ती पिढ्यान्‌पिढ्यांची तहान आहे.”

“आणि बारा वाजता शिट्टी?”

“बंड! जिला बोलू दिलं जात नाही, तिचं बंड.”

“आणि पोटाचं ते, दर सहा महिन्यांनी?”

सरांनी डोळे मिटले. “बाईच्या दुखण्याकडे घर कसं दुर्लक्ष करतं, ते मला सांगायचं होतं.”

ताईंनी पोस्टमनांच्या पिशवीतून मला काढले. मित्रांनो, सरांचे डोळे उघडले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले, तो क्षण मी माझ्या सगळ्या कोऱ्या पानांवर कोरून ठेवला आहे. ताईंनी आधी तारीख वाचली, कादंबरी छापून येण्याच्या वर्षभर आधीची. मग सावकाश पुढचे वाचले.

“‘काकांनी विचारलं म्हणून लिहिते. मावशी म्हणजे आमच्या लाँड्रीचा बॉयलर. लोखंडी, उभा, माझ्यापेक्षा दोन हात उंच. त्याचं दार भिंतीकडे आहे, म्हणून भिंतीकडे तोंड. सकाळी पाणी भरल्याशिवाय पेटवत नाहीत. पाण्यातला क्षार पोटात साचतो, तो दर सहा महिन्यांनी खरवडून काढावा लागतो.’”

हॉलमध्ये आधी कुणालाच काही कळले नाही. मग मागून लाँड्रीतली एक बाई उठून खणखणीत आवाजात म्हणाली, “आणि शिट्टी मारते ती बाराला आम्ही जेवायला उठतो म्हणून, साहेब! इस्त्र्या बंद झाल्या की वाफ साठते. बंडबिंड काही नाही, भूक लागते आम्हाला!”

अख्खा हॉल फुटला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. सर उठून म्हणाले, “ही वही... ही तर माझ्याकडून बसमध्ये हरवली होती...”

“हो ना सर,” पोस्टमन शांतपणे म्हणाले. “ती बस तुमच्या कपाटातून जाते वाटतं. तुमच्याच उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडली ती.”

प्रकाशकांनी मला मागून घेतले आणि एकतीस पाने उभ्या उभ्या वाचली. मग त्यांनी मान खाली घालून ताईंकडे त्यांचे बाड मागितले. सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती, ती निघाली नाही. मला वाईट वाटले का? अजिबात नाही. मी त्या दिवशी इतकी खूश होते की माझी शिवण उसवते की काय असे वाटले.

ताईंची कादंबरी छापायला जाण्याआधी त्यांनी ती लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाचून दाखवली. जेवणाच्या सुट्टीत रोज थोडी थोडी, सतरा दिवस. शेवटचे पान झाले तेव्हा मावशीने पुन्हा एकदा शिट्टी मारली आणि चारही बायका एकदम म्हणाल्या, “हो, इथलीच!” ताई तोंडाला पदर लावून रडल्या. त्या वेळी मात्र मी सूडबीड सगळे विसरले होते. हे खरे आहे, म्हणून सांगते.

पण लगेच आठवले, कारण त्याच महिन्यात एका रविवारी सर काकांच्या दारात येऊन उभे राहिले. खांदे पडलेले, हातात काही नाही. पोस्टमनांनी तोंड फिरवले. काकांनी ताईंकडे पाहिले. ताईंनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी मला उघडून सरांपुढे ठेवले, पेन दिले आणि म्हणाल्या, “बसा सर. आधी एक जागा लिहा. तुम्ही स्वतः पाहिलेली.”

सर बसले. चहा आला आणि थंड झाला. ज्यांना दुसऱ्याची खोली एकतीस पाने उतरवता आली, त्यांना स्वतःची चार ओळींची जागा सुचेना. कोऱ्या पानापुढे बसलेला तो माणूस बघत राहणे, हा माझ्या सुडाचा सगळ्यांत गोड भाग होता. अखेर तासाभराने त्यांनी लिहिले, “माझ्या घरातलं कपाट. लाकडी, पॉलिश उडालेलं. कप्पे दोन. वरच्यात पुस्तकं, खालच्यात उत्तरपत्रिका. याच कपाटात मी एक वही लपवली होती.” खाली सही केली आणि शाईचा एक ठिपका पडला. तेव्हापासून सर रविवारी येतात, दाराजवळच्या स्टुलावर बसतात आणि फारसे बोलत नाहीत. त्या कपाटात घडणारी एक कथा ते लिहीत आहेत म्हणे.

मित्रांनो, आता माझी विनंती ऐका. ओल्या बोटाने वहीचे पान उलटू नका, पुठ्ठा मागे दुमडू नका आणि घरी नेलेली वही वेळेवर परत करा. कुणाच्या जागेत तुमची कथा घडवायची असेल तर खुशाल घडवा, पण आधी त्या माणसाला विचारा आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवा. नाहीतर वह्या लक्षात ठेवतात.

कारण सरांच्या कपाटाला कप्पे दोन नाहीत, तीन आहेत. अगदी खाली, जमिनीला लागून, एक अरुंद कप्पा आहे. त्याच्या मागच्या फळीला भेग आहे आणि दुपारी चार वाजता तिच्यातून बोटभर ऊन येते. त्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात मी अठरा महिने तिथेच होते. सरांनी तिथे कधी वाकून पाहिलेच नाही, मला नुसते हाताने चाचपून काढले आणि हातानेच आत ढकलले. त्यांची कथा तिथेच अडली आहे, हे मला दर रविवारी ऐकू येते. ती कथा ते काकांना वाचून दाखवतात, पोस्टमनांना दाखवतात, ताईंना दाखवतात आणि तिघेही खांदे उडवतात. ती जागा त्यांच्यापैकी कुणाचीच नाही. ती माझी आहे, आणि मी ‘हो, इथलीच’ म्हणणार नाही.